चाँद दिसला नाही तर तीस

रमजानचे सत्तावीस-अठ्ठावीस रोजे झाले की कॉटन ग्रीन, घोडपदेव, काळाचौकीच्या जिन्यांत एक प्रश्न हमखास कानावर पडतो. “ईद उद्या की परवा?” विचारणाऱ्या शेजाऱ्याला कारण असते. कुणाला शिरखुर्म्याला यायचे असते, कुणाला ऑफिसातल्या सहकाऱ्याची रजा लक्षात ठेवायची असते. उत्तरही ठरलेले: “चाँद दिसला तर उद्या, नाही तर परवा.” दिवाळीची तारीख वर्षभर आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर वाचणाऱ्यांना हे उत्तर थोडे अजब वाटते. एवढा मोठा सण, आणि तो कधी हे आदल्या संध्याकाळपर्यंत कुणालाच ठाऊक नाही!

तरीही या घरांतून फारशी घालमेल दिसत नाही. शेवया येऊन पडलेल्या असतात. खारीक, चारोळी, खोबरे निवडून ठेवलेले असते. शिंप्याकडून कपडे आलेले असतात, किंवा ‘चाँदरातीला नक्की’ असा त्याचा वायदा आलेला असतो. दूध तेवढे शेवटच्या क्षणी सांगायचे. एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी सगळे आकाशाकडे किंवा हल्ली जास्त करून मोबाइलकडे बघतात. चाँद दिसल्याची ग्वाही मिळाली तर ईद. ढग आले, धुरके आले, कुणालाच दिसला नाही, तर वाद नको: तीस रोजे पूर्ण करायचे आणि मग ईद. जे माहीत नाही त्याचे काय करायचे, हे चौदाशे वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलेले आहे.

गंमत अशी, की ईदच्या तारखेबाबत इतकी निवांत असणारी हीच माणसे बाकीच्या बाबतींत मात्र तुमच्या-आमच्यासारखीच असतात.

असा एक माणूस प्रत्येक इमारतीत सापडेल. सहरी झाली, फजरची नमाज झाली. घर पुन्हा झोपले. हार्बरच्या पहिल्या गाड्यांचा आवाज येऊ लागला. हा मात्र छताकडे बघत पडलेला. रात्री साहेबांचा मेसेज आला होता, ‘उद्या आल्यावर भेटा.’ एवढेच. पुढे ना कारण, ना हसरा चेहरा. साडेपाचला त्याला वाटते, गेल्या महिन्यातली चूक बाहेर आली असावी. पावणेसहाला नोकरी गेलेली असते. सहाला घराचा हप्ता थकतो, सव्वासहाला मुलीची फी. मग सासुरवाडीला काय सांगायचे याची वाक्ये जुळवणे सुरू होते. मराठीत याला फार नेमकी म्हण आहे: मन चिंती ते वैरी न चिंती. दहा वाजता साहेब विचारतात, “तुमची ईदची रजा उद्याची टाकू की परवाची?”

यावर हसू येते, आणि ‘उगाच विचार करतोस, काही होत नाही’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण हा दिलासा कॉटन ग्रीनसारख्या वस्तीत तरी जपून द्यावा. काही होत नाही असे नाही. इथे झालेले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख माणसे कामाबाहेर पडली आणि त्यातली कितीतरी पुन्हा कधी गिरणीच्या दारातून आत गेली नाहीत. लालबाग-परळ-काळाचौकीतल्या घरांनी ‘वाईटात वाईट काय होईल’ याचे उत्तर प्रत्यक्ष पाहिले आहे. आज त्याच घरांतल्या पुढच्या पिढीला पुनर्विकासाची चिंता आहे. इमारत कधी पडणार, भाडे किती वर्षे मिळणार, चावी हातात येईल तेव्हा आई-वडील असतील का? या चिंतांना मूर्खपणा म्हणता येणार नाही. म्हणून प्रश्न ‘चिंता खरी की खोटी’ हा नाही. जे अजून घडलेले नाही, त्याचा हिशेब आज रात्री कितीदा करायचा, हा आहे.

या हिशेबाशी कॉटन ग्रीनचे जुने नाते आहे. एकेकाळी कापसाचा बाजार फोर्टात टाऊन हॉलसमोरच्या मैदानात भरे. १८४४ मध्ये तो कुलाब्याला गेला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिवडीजवळच्या भरावाच्या जमिनीवर आला; ‘कॉटन ग्रीन’ हे नावही त्याच्याबरोबर प्रवास करत इथवर पोचले. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनची, म्हणजे आजच्या कॉटन असोसिएशन ऑफ इंडियाची इमारत स्टेशनच्या बाजूला अजून उभी आहे. कापसाच्या गाठी इथल्या गोदामांत पडत. त्यांचा नमुना हातात घेऊन, धागा ओढून बघता येत असे. वायद्याचे सौदे मात्र तिकडे काळबादेवीला मारवाडी बाजारात होत. तिथे हातात कापूस नसे, तीन महिन्यांनंतरच्या कापसाचा भाव असे. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे न्यूयॉर्कच्या बाजारातून तारेने येणाऱ्या कापसाच्या भावांवर लागणारा आकडा. त्याला ना कापूस लागे ना गोदाम. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कहून येणारे आकडे बंद झाले, पण खेळणाऱ्यांचे काही अडले नाही. त्यांनी मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडे काढायला सुरुवात केली, आणि त्याचे नाव मटका पडले.

रात्री जागणाऱ्या मनाचा व्यवहार असाच उतरत जातो. सुरुवातीला हातात एक गाठ असते, म्हणजे साहेबांचा मेसेज. मग वायदा सुरू होतो, मग नुसते आकडे. वायदेबाजारात निदान दिवसाअखेर घंटा वाजते. मनाच्या बाजाराला ती नाही.

‘वायदा’ हा शब्द अरबीतून, उर्दूच्या ‘वादा’चा सख्खा भाऊ. चिंतेच्या बाबतीत मराठीने त्या बाजूने बरेच घेतले आहे. ‘धास्ती’ दहशतीतून आली, ‘हवालदिल’मध्ये हौल म्हणजे भीती आणि दिल म्हणजे काळीज. ‘फिकीर’ तर विशेषच. अरबीत ‘फिक्र’ म्हणजे विचार. उर्दूत तिचे दोन अर्थ झाले, विचार आणि काळजी. मराठीत येईपर्यंत विचार गळाला, काळजी उरली. संस्कृताकडूनही हेच झाले आहे: चिंतन आणि चिंता एकाच धातूची लेकरे. विचार आणि काळजी यांच्यातली भिंत किती पातळ आहे, हे या भाषांना आधीच कळले होते. बरे, ‘दिलासा’ हाही फारसीच. रोग आणि औषध एकाच गाडीतून आले म्हणायचे.

मनात पुन्हा पुन्हा येणाऱ्या, नको असलेल्या विचाराला इस्लामी परंपरेत ‘वसवसा’ म्हणतात. कुरआनच्या अगदी शेवटच्या सूरेत या कुजबुजणाऱ्याच्या उपद्रवापासून आश्रय मागितलेला आहे. लहान मुलालाही पाठ असणारी ही सूरा, पण तिचा विषय मोठ्यांचा. पैगंबरांच्या काही साथीदारांनी त्यांच्याकडे येऊन सांगितले होते, की उच्चारायचीही लाज वाटावी असे विचार मनात येतात. त्यावर त्यांना रागावणे झाले नाही. तसे विचार खटकतात, हेच ईमान असल्याचे लक्षण, असा दिलासा मिळाला. स्वतः पैगंबर ‘हम्म’ आणि ‘हुज्न’ या दोहोंपासून आश्रय मागत. भाष्यकार सांगतात, हम्म ही पुढच्याची काळजी आणि हुज्न हे मागच्याचे दुःख. ज्या गोष्टीसाठी पैगंबरांनी दुआ मागितली, ती होते म्हणून एखाद्याला ‘तुझे ईमान कच्चे’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे.

वसवशाचे सगळ्यात ठळक रूप वजूच्या नळापाशी दिसते. नमाजआधी हात, तोंड, पाय धुवायचे असतात. कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत. पण काहींना वाटते, कोपर कोरडे राहिले. पुन्हा. मसह म्हणजे डोक्यावरून ओला हात फिरवायचा, तो झाला की नाही? पुन्हा पहिल्यापासून. बाराव्या शतकात बगदादच्या इब्न अल-जौजी यांनी अशा माणसांवर कडक शब्दांत लिहिले. त्यांच्या मते हे धार्मिकतेचे लक्षण नव्हे, सैतानाने धार्मिकतेचे सोंग घेऊन घातलेली भूल होय. हे टोचून बोलणे आज थोडे निर्दय वाटते, कारण नळापाशी अर्धा तास अडकलेला माणूस हौसेने अडकलेला नसतो. पण धर्मशास्त्राने त्याच्यासाठी केलेली सोय मात्र दयाळू आहे. नियम असा, की खात्रीची गोष्ट शंकेने मोडत नाही. वजू केली हे नक्की आठवते आणि ती तुटली की काय अशी नुसती शंका आहे, तर वजू आहे. ठोस काही कळल्याशिवाय नमाज सोडून उठायचे नाही. रकाती तीन झाल्या की चार, हे आठवेना आणि मन कोणत्याच बाजूला ठाम होईना, तर कमी आकडा धरायचा, राहिलेली रकात पूर्ण करायची आणि शेवटी भुलीसाठीचे दोन जादा सजदे करायचे. वेगवेगळ्या मजहबांत तपशिलाचे फरक आहेत, पण ज्याला सतत शंकाच येतात त्याने तिकडे लक्षच देऊ नये, असा सल्ला उलेमा देत आले आहेत.

चाँदचा नियम हाच. रमजान चालू आहे हे नक्की. संपला की नाही ही शंका. मग चालू धरा.

अनिश्चितता संपवण्याची खटपट यात कुठेही नाही. आकाश फाडून चाँद शोधायचा नाही, मागच्या रकाती पुन्हा मोजत बसायचे नाही. एक पाऊल आधीच ठरलेले आहे, ते टाकायचे. १९९०च्या दशकात कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी अतिकाळजी करणाऱ्यांचा अभ्यास करताना असेच काही मांडले. अशा माणसांना वाईट घडण्यापेक्षाही ‘माहीत नसणे’ सोसवत नाही. ते विचार करतात, शोधतात, चार जणांना विचारतात, आणि प्रत्येक उत्तरातून दोन नवे प्रश्न उगवतात. छातीत कळ आली म्हणून मोबाइलवर शोधणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

‘विचारच करू नकोस’ हा सल्ला तर सर्वांत निरुपयोगी. अमेरिकेतल्या डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना सांगितले, पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर घंटा वाजवायची. घंटा वाजतच राहिल्या. त्याआधी, १९८३ मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या थॉमस बोर्कोवेक यांनी उलटा मार्ग सुचवला होता. काळजी बंद करायची नाही, तिला वेळ नेमून द्यायची. रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास. बाकीच्या वेळी काळजी आली तर तिला सांगायचे, साडेपाचला ये. रमजानमध्ये हे जमवणे सोपे आहे, कारण दिवसाचे तुकडे आधीच पाडलेले असतात. असरच्या नमाजनंतर कागद घेऊन बसावे, मनातले सगळे लिहावे. ज्यावर आज काही करता येईल त्यापुढे ते काम लिहावे, ज्यावर नाही ते तसेच सोडावे. मगरिबची अजान झाली की बाजार बंद. खजूर समोर आहे.

ज्यांचा रोजा नसतो त्यांच्याकडे अजान नसली तरी कुकरची शिट्टी असते. मुद्दा घंटेचा आहे.

या सगळ्याचे श्रेय आधुनिकांना देऊन मोकळे होण्याआधी एका जुन्या माणसाचे नाव घ्यायला हवे. अबू झैद अल-बल्खी, आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्ख भागातले, इसवी सन ८५० ते ९३४ च्या सुमाराचे. भूगोलाचे अभ्यासक म्हणून ते ओळखले जातात, पण ‘मसालिह अल-अबदान वल-अनफुस’ या त्यांच्या ग्रंथात शरीराच्या आरोग्याबरोबर मनाच्या आरोग्याचा स्वतंत्र भाग आहे. वैद्य शरीरापुरतेच बघतात आणि मनाकडे दुर्लक्ष करतात, ही त्यांची तक्रार होती. ती आजही जुनी झालेली नाही. राग, भीती, दुःख आणि वसवसा अशी वेगवेगळी प्रकरणे त्यांनी केली. दुःखाचेही दोन प्रकार सांगितले, एक कारण कळणारे आणि एक कारण न सापडणारे. त्यांचा एक सल्ला तर घरगुती औषधाच्या डब्यासारखा आहे. माणूस जसा दुखण्यासाठी आधीच औषध जवळ बाळगतो, तसे मन शांत असताना धीर देणारे विचार तयार करून ठेवावेत, म्हणजे भीतीच्या वेळी ते शोधत बसावे लागत नाही. वसवसा असणाऱ्याने एकटे राहू नये, लोकांत, कामात असावे, असेही ते सांगतात.

हे शेवटचे रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांत आठवावे. तेव्हा काही जण मशिदीत एतिकाफला बसतात, दुनियेपासून दूर. शांत मनाला ते मानवते. पण ज्याचे मन एकटे पडले की स्वतःलाच कुरतडते, त्याच्यासाठी चार माणसांत इफ्तारची फळे कापणे जास्त चांगले असू शकते. सवाबाची भीती बाळगू नये; रोजेदाराला इफ्तार करवण्याचे पुण्यही मोठेच सांगितले आहे.

आणि इमाम गझालींची गोष्ट. १०९५ साली ते बगदादच्या निजामिया मदरशातले सर्वांत नामवंत प्राध्यापक होते, तीनशे विद्यार्थी ऐकायला बसत. पद सोडावे की राहावे, या विचारात सहा महिने गेले. आज ठरवत, उद्या मोडत. एक दिवस वर्गात जीभच चालेना. घास गिळवेना, पचेना. वैद्यांनी तपासून सांगितले, की मूळ मनात आहे, मनाचा भार हलका झाल्याशिवाय औषध लागू पडणार नाही. हे त्यांनी स्वतःच्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे, न लाजता. ज्यांना ‘हुज्जतुल इस्लाम’ म्हटले जाते त्यांची ही अवस्था झाली असेल, तर कॉटन ग्रीनच्या एखाद्या कारकुनाने ती लपवण्याचे कारण नाही.

लपवली मात्र जाते, आणि रमजानमध्ये त्याला एक धोकादायक वळण लागते. चिंतेवर किंवा नैराश्यावर गोळ्या घेणारी काही माणसे या महिन्यात त्या आपणच बंद करतात. वेळ जमत नाही हे एक कारण, ‘रोजाच माझा इलाज’ हे दुसरे. अशा गोळ्या एकदम सोडल्याने त्रास उलटू शकतो. बऱ्याच औषधांच्या वेळा सहरी-इफ्तारला बसवता येतात, पण ते डॉक्टरने ठरवायचे. लिथियम घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय रोजा धरूच नये. दिवसभर पाणी न पिण्याने रक्तातले त्याचे प्रमाण वाढून धोका होऊ शकतो. कुरआनने आजाऱ्याला रोज्यातून सवलत दिली आहे, राहिलेले रोजे नंतर धरता येतात. आजार गुडघ्याचा की मनाचा, असा भेद त्या सवलतीत केलेला नाही. मधुमेही माणसाने रोजा सोडला तर घरचे समजून घेतात. मनाच्या आजारासाठी सोडला तर त्याला भिंतीकडे तोंड करून पाणी प्यावे लागते. हे बदलणे घरच्यांच्या हातात आहे.

साधी काळजी आणि आजार यांतली रेषा कुठे? काळजी बहुतेक रोजची झाली, सहा-सहा महिने हटली नाही, झोप, भूक, काम यांवर तिने कब्जा केला, वजू किंवा कुलूप पुन्हा पुन्हा तपासण्यात तास जाऊ लागले, तर इमामसाहेबांच्या दुआबरोबर डॉक्टरही हवा. जगणे नकोसे वाटू लागले तर सहा महिने थांबायचे नाही, त्याच दिवशी. जवळच परळला केईएम रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीतही बोलता येते.

एक अगदी किरकोळ वाटणारी गोष्ट राहिली, चहा. दिवसाला पाच-सहा कप पिणाऱ्याचा चहा पहिल्या रोज्याला एकदम तुटतो. डोके धरते, चिडचिड होते, धडधड वाढल्यासारखी वाटते, वर झोपेचे दोन तुकडे झालेले. पहिल्या तीन-चार दिवसांतली पुष्कळशी ‘बेचैनी’ ही असते. तिच्यावर आयुष्याचे निर्णय घेऊ नयेत. शाबान महिन्यातच एकेक कप कमी करत गेलेल्यांचा रमजान सुखाचा जातो.

उंटाची गोष्ट सर्वांना माहीत असते, तरी ती सांगायलाच हवी. एकाने पैगंबरांना विचारले, उंट बांधू की अल्लाहवर भरवसा ठेवून मोकळा सोडू? उत्तर मिळाले, बांध आणि भरवसा ठेव. तवक्कुल म्हणजे हातपाय गाळणे नव्हे, हे समजावताना ही गोष्ट येते. तिची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. उंट एकदाच बांधायचा आहे. रात्रीत सात वेळा उठून गाठ तपासणे हा भरवसा नव्हे आणि सावधपणाही नव्हे.

एकोणतिसाव्या रोज्याला कॉटन ग्रीनच्या गच्चीवरून चाँद दिसण्याची आशा तशी कमीच. तो पश्चिमेला, क्षितिजालगत, थोडाच वेळ असतो, आणि पश्चिमेला आता लालबाग-परळचे मनोरे आहेत. तरी पोरे गच्चीवर जातात. शेजारच्या घरातली पोरेही जातात. त्यांना कुठलाही चाँद चालतो, विमानाचा दिवासुद्धा. खाली मोबाइलवर हिलाल कमिटीच्या निरोपाची वाट बघणे चाललेले असते. दूधवाला सायकल टेकवून उभा आहे, त्याला आठ लिटर उद्या हवे की परवा ते कळायला हवे.

“दस बजे फोन करते हैं, भैया,” वरून आवाज येतो. तो मान हलवतो, वहीत पेन्सिलीने काहीतरी लिहितो आणि पुढच्या इमारतीकडे जातो.